निधीभाऊ

सकाळी खांब तलावाकडे फिरायला निघणारे भंडारेकर दोन कारणांनी पाय उचलतात. काहींना साखर उतरवायची असते, बाकीच्यांना निधीभाऊंच्या पुढे राहायचं असतं. भाऊंची हयात एका सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत गेली. खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय.

झाड दिसलं की माणूस सावलीत जातो. भाऊ मात्र थांबतात आणि विचारतात, "हे कोनत्या हेडमधलं जी?" घसरगुंडी दिसली की जिल्हा वार्षिक योजना, पेव्हर ब्लॉक दिसले की आमदार निधी, आणि ओपन जिम दिसली की मार्चअखेर. जिमच्या दांड्याला लोंबकळणाऱ्या माणसाचा व्यायाम ते कधीच बघत नाहीत. त्यांची नजर दांड्याच्या वेल्डिंगवर असते.

त्यांचा सिद्धांत एकच. "बगीचा बांधाले पैसा हाये, जगवाले नाई." ऐकणारा हो म्हणाला तर गेला कामातून. पंधराव्या वित्त आयोगानं आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकले. उरलेल्या 40 टक्क्यांकडे नालीपासून दिव्यापर्यंत सगळेच तोंड वासून बसलेले, आणि त्यातूनही पगार करायला मनाई. "म्हंजे कारंजं बसवा, पन माळी ठेवू नका! कारंज्याले भूमिपूजन हाये, फीत हाये, फोटो हाये. पाइप धरून उभ्या माणसाचा फोटो कोन छापते?" इथे भाऊंशी वाद घालता येत नाही, हीच मोठी अडचण आहे. माणूस कंटाळवाणा असला तरी खोटा नाही.

अमृत योजनेचा विषय काढू नये. 2015 मध्ये ती आली ती मुख्यतः लाखावरच्या शहरांसाठी, आणि तिच्यात बागांसाठी वेगळा अडीच टक्के हिस्सा होता. 2011 च्या जनगणनेत भंडारा शहर भरलं 91,845. "आठ हजार लेकरं कमी पडली जी! आन् गोंदिया बसलं यादीत." 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या गोंदियाचं हे यश भाऊंना अजून पचलेलं नाही. आणि ती आठ हजारांची तूट मनात धरून शास्त्री चौकात उभ्या असलेल्या अविवाहित पोरांकडे ते शहराचं आर्थिक नुकसान करणारी मंडळी म्हणून बघतात.

कोका अभयारण्याबद्दल मात्र त्यांचं मत बरं आहे. 2013 मध्ये जाहीर झालेल्या त्या जंगलात भाऊ एकदा नातवंडांना घेऊन गेले. नातवंडं वाघ शोधत होती, आजोबा पावती वाचत होते. "गेटवर पैसा येते, हिशेब लागते. आपल्या बगीच्यात बकरी फुकट चरते."

पण ते मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर आले की ऐकावं. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळात तलाव बांधले. गाळ, पाळ, पाट हे सगळं गाव आणि मालगुजार मिळून सांभाळत. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे. तलाव तेच राहिले, गाळ काढणारा घरचा माणूस तेवढा गेला. "अशाच एका पाळीच्या दुरुस्तीची फाइल माह्या टेबलावर आली होती," भाऊ एकदा म्हणाले. मग? "मंग काय! तरतूद नाई म्हून म्याच परत धाडली. नियम होता जी."

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या बगीच्याची झाडं माना टाकू लागली. फिरणाऱ्यांनी ठरवलं, घरटी पन्नास रुपये काढायचे आणि पाणी द्यायला एक माणूस लावायचा. खजिनदार कोण, हे विचारायचीही गरज पडली नाही. भाऊंनी पावतीपुस्तक छापलं, कॅशबुक घातलं आणि दोन नियम ऐकवले. वर्गणी एका दिवसात गोळा झाली.

आठवड्याभरात गेटवर ग्रॅनाइटची पाटी लागली: 'या उद्यानास नागरिकांच्या वर्गणीतून पाणी दिले जाते.' खाली सोनेरी अक्षरांत समितीची नावं, खजिनदार सर्वांत वर. भाऊंनी नारळ फोडला, फीत कापली, आमच्याकडून फोटो काढून घेतला.

"आन् पानी, भाऊ?" कुणीतरी विचारलं.

"शिल्लक पाहा लागन," भाऊ कॅशबुक उघडत म्हणाले. "पाटी भांडवली खर्चात बसली. पान्यासाठी वेगळी वर्गणी काढा."