अठरा मीटर खाली डास नसतात

मेलबर्न

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, फोनवर अर्धंच ऐकून बाबांनी "पाण्यात कसला मलेरिया?" असं विचारलं आणि लाइन गेली. बाबा, पाण्यात होत नाही. अठरा मीटर खाली एकही डास पोचत नाही. पण माणसाला संध्याकाळी वर यावंच लागतं, आणि मलेरियावाला ॲनॉफिलिस नेमका दिवेलागणीला कामाला लागतो तो थेट उजाडेपर्यंत.

आम्ही डायव्हिंगला चाललोय इंडोनेशियातल्या राजा अंपाटला. नाव राजाचं, पण मुक्काम समुद्रात खांब रोवून बांधलेल्या झावळ्यांच्या खोपीत. प्रवाळ आणि मासे बघायला याहून श्रीमंत जागा नाही म्हणतात. बालीला गेलो असतो तर मलेरिया टाळायच्या गोळ्यांचा विषयच निघाला नसता. इंडोनेशियातला बहुतेक मलेरिया पूर्वेला, या पापुआच्या बाजूलाच.

तुमचे जावईबापू आधी गोळी घ्यायलाच तयार नव्हते. "मी मिरजेत गटारीच्या काठावर वाढलोय!" आमच्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, गटारीतला डास बहुधा वेगळा, आणि अंगात थोडीफार ताकद आली असली तरी देश सोडल्यावर ती ओसरते. "आम्हाला काय होतंय" म्हणणारेच त्यांच्याकडे तापाने फणफणत येतात म्हणे.

मग निवड सुरू झाली. आठवड्याला एकच गोळी असलेलं मेफ्लोक्विन यांना बघताक्षणी पसंत. पण त्याने काहींना चक्कर येते, झोप उडते, भलतीसलती स्वप्नं पडतात. डायव्हिंग करून वर आलेल्या माणसाला गरगरलं तर ते गोळीमुळे की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्यामुळे, हे कोण ठरवणार? बाद. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण रोज घ्यायचं, परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायचं, आणि उन्हाने कातडी लवकर भाजते. शिवाय गोळी गिळून लगेच आडवं व्हायचं नाही. जेवून आडवं व्हायचं नाही म्हटल्यावर यांचा चेहरा बघायला हवा होता!

शेवटी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ठरलं. महाग आहे, पण जायच्या आदल्या दिवशी सुरू आणि परतल्यावर सात दिवसांत सुटका. आणि आई, ही गोळी स्निग्ध खाण्याबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची, तरच नीट अंगी लागते. तेव्हापासून जावईबापू वरणभातावर तूप ओतताहेत. गोळी अजून सुरू व्हायचीय, ही तालीम आहे म्हणे. होडीत उलटी झाली आणि गोळी तासाभराच्या आत बाहेर पडली, तर दुसरी घ्यायची. म्हणून चार जास्तीच्या घेतल्यात.

बाबा, तुमच्या वेळची क्लोरोक्विन तिथल्या जंतूंनी कधीच पचवलीय. नुसत्या गोळीवर विसंबणार नाही. मच्छरदाणी, पूर्ण बाह्या, अंगाला लावायचं मलम, सगळं बांधलंय. आणि परतल्यावर काही महिन्यांनीही ताप आला तर "व्हायरल असेल" न म्हणता लगेच रक्त तपासून घ्यायचं, हे मी फ्रीजवर लिहून चिकटवलंय.

तुमची,
छकुली

ता. क. आई, गुळवेलीच्या कांड्या पार्सलने पाठवू नकोस. इथे त्या जप्त होतात आणि मग काढा म्हणजे काय हे मला इंग्रजीत समजावून सांगावं लागतं.