भाऊंची आडवी रेघ

पांढुर्णा असो की सौंसर, गणिताचा पेपर काढायचा म्हटला की सर लोकांना टायपिंगच्या दुकानातला कोणीतरी 'भाऊ' गाठावाच लागतो. हे भाऊ स्वतः गणितात कितपत पास, ते कोणी विचारत नाही. पण समीकरणाला ते जावयासारखं जपतात.

"भाऊ, एवढा फोटो चिटकवून द्या न," असं कोणी म्हणायचा अवकाश! पांढुर्णा-सावरगावचं वैर वर्षातून एक दिवस, गोटमारीच्या दगडफेकीपुरतं. फोटो चिटकवणाऱ्यांशी भाऊंचं वैर बारमाही. "चिटकवतो जी. मंग त्याच्यातल्या दोनाचा तीन करून दाखवा मले!"

हिंदी माध्यमाचा पेपर कृतिदेवमध्ये चाललेला असतो. त्याच फाँटात 'एक्स बरोबर वाय' मारलं, की कागदावर उमटतं 'गत्रल'. असा एक पेपर पोरांपर्यंत पोचला होता म्हणे. दोघा-तिघांनी तो सोडवलाही, याचंच भाऊंना जास्त दुःख.

म्हणून समीकरण आलं की भाऊ खुर्ची पुढे ओढतात. वर्डमध्ये अल्ट धरून बरोबरचं चिन्ह दाबतात, समीकरणाची चौकट उघडते. एक, तिरपी रेघ, दोन. इथे थांबून ते सरांकडे बघतात आणि मग स्पेस मारतात. रेघ आडवी, एक वर, दोन खाली! सरांनी हे दहादा पाहिलेलं असलं तरी 'वा' म्हणावं लागतं. नाहीतर प्रिंट उद्यावर जाते.

जानेवारी २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेतल्या भगदाडापायी वर्डमधला जुना इक्वेशन एडिटर ३.० काढून टाकला. जुन्या फायलींतली समीकरणं दिसत, छापूनही निघत. डबल क्लिकला मात्र दाद देईनात. भाऊ तो काळ सुतकासारखा सांगतात. मॅथटाइप नावाच्या सॉफ्टवेअरने त्यातली बरीच उघडता येत, हे कळल्यावर सुतक फिटलं.

२०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसरही छिंदवाड्यातून इकडे आलं आणि पेपरांच्या मथळ्यावरचा जिल्हा बदलायची वेळ आली. ज्यांनी मथळ्याचे फोटो ठेवले होते, ते सगळे रांगेत. "जिल्हा बी एडिटेबल निघाला, सर, तुमचा फोटो नाही निघाला!" टायपिंगचे पैसे घेतले, प्रवचन फुकट.

परवा एका सरांनी दबकत विचारलं, "भाऊ, ह्या अपूर्णांकात छेद शून्य येते न?"

भाऊंनी चष्मा वर केला. "ते तुमचं पाहा. रेघ सरळ हाय का नाही, ते सांगा."