दहा रुपयांचा खजिना

तुमसर तालुक्यातील चिखला येथे मॉईल या सरकारी कंपनीची भूमिगत खाण असून तिच्यातून मँगनीज, म्हणजे पोलादाला कणखरपणा देणारे खनिज, निघते. ते कोणाचे, याविषयी संदिग्धता नाही. संदिग्धता सुरू होते ती कवेलूच्या घराची मातीची भिंत पाडताना एखादे गाडगे हाती लागले म्हणजे. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वास्तूत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू ‘निखात निधी’, म्हणजे गुप्तधन, ठरते आणि तिचे मोल १० रुपयांहून अधिक असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. व्हिक्टोरिया राणीचे दहा रुपये तराजूत दहा तोळे भरत. आज त्या रकमेत टपरीवरचा चहा येतो, त्यामुळे राणीचा एकच रुपया सापडला तरी तो दहा रुपयांना भारी पडतो आणि ज्याला सापडला तो नकळत कलमात अडकतो. जुन्या नाण्यांना लाखोंचा भाव देऊ करणाऱ्या भामट्यांपासून रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सावध केले, तरी तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या भांड्याची, म्हणजे ‘राईस पुलर’ची, आख्यायिका काही थंडावत नाही. खरी मेख मात्र वाटणीत आहे: धन बेवारस ठरले आणि आधीचा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे नि उरलेला चतुर्थांश जागामालकाचा, म्हणजे तीन हिस्से भिंत पाडणाऱ्या गवंड्याचे, हे कलम वाचलेल्या घरमालकास उतारवयात अकस्मात स्वहस्ते कुदळ मारण्याची हौस उत्पन्न झाल्यास नवल नाही.