पेनड्राइव्हवाले

किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह लटकताना दिसला की ओळखावं, हे लिनक्सवाले. साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पितानाही यांची नजर हॉटेलवाल्याच्या कॉम्प्युटरवर. त्यावर विंडोज दिसलं की यांना त्या बिचाऱ्याची कणव येते. चहाचे पैसे दुसरा देतो. 'फुकट' या तत्त्वावर यांची निष्ठाच तशी आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि यांची दिवाळी आठवडाभर आधीच आली. सांगलीच्या हळद अडत्या मित्राचा फोन आला, "लेका, माझा पीसी अकराला नाही म्हणतोय. टीपीएम का काय ते नाही त्यात."

मित्राला हवं होतं काय? यूट्यूबवर कीर्तन, बँक, आणि चार मराठी पत्रं छापायला प्रिंटर. टॅली दुकानात मुनीमजींकडे. ते बरंच, कारण टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही.

लिनक्समध्ये याचं उत्तर एका शब्दाचं होतं: मिंट. यांना ते पहिल्या मिनिटालाच ठाऊक होतं. पण एका शब्दात आटोपलं तर रात्र कशी काढायची? म्हणून लिनक्सच्या जन्मापासून, १९९१च्या हेलसिंकीपासून सुरुवात झाली. मग १९९३चं डेबियन, २००४चं उबुंटू. (तेव्हा उबुंटूच्या सीड्या पोस्टानं फुकट यायच्या. यांनी त्या जपल्यात. लग्नाचा अल्बम कुठंय ते विचारू नये.) आर्चवर आल्यावर तर गळाच दाटला. "त्यात सगळं आपल्या हातानं बसवायचं असतं!"

"मग मी मार्केट यार्डात कधी जाऊ?"

"बरं, झारा टाकतो," हे नाइलाजानं म्हणाले. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात, २२.२चं झारा. फोन स्पीकरवर होता. मागून वहिनी म्हणाल्या, "झारा कशाला? घरात दोन आहेत."

रविवारी सांगली. आधी काही न पुसता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून पाहिलं, जुन्या फायली वेगळ्या डिस्कवर घेतल्या. या बाबतीत माणूस चोख. मग मिंट कायमचं बसवलं. प्रिंटरनं मात्र पहिल्याच फटक्यात निमूट पान काढलं आणि यांचा चेहरा पडला. त्याच्यासाठी पाठ केलेल्या कमांड वाया गेल्या. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यात फायरफॉक्स, शिकवणी संपली. येताना भडंगाची पिशवी मिळाली.

पुढं सांगलीचा फोनच येईना. शेवटी यांनीच लावला.

"काही अडलंय का?"

"नाही."

"अपडेट?"

"त्या ढालीवर क्लिक करतो, होतंय की."

"प्रिंटर?"

"चालतोय."

हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "असं कर, रविवारी मी येतो. फेडोरा टाकून बघू."