मोत्याचा फेरफार

भोर-वेल्ह्याच्या मुलखात माणूस एक वेळ भावकीला लग्नाचं आवतण देईल, पण बांधावरची वीतभर जमीन सोडणार नाही. बांध कोरणं हा इथला बारमाही जोडधंदा. त्यामुळे कुत्र्याने खांबाशी तंगडी वर केली की बघणारा खात्रीने सांगतो, "हद्द आखतोय!" ज्याच्या डोक्यात सातबारा, त्याला कुत्राही तलाठीच दिसणार.

प्रस्तुत लेखकाला या विषयाची गोडी लागली ती गुंजवण्यात. राजगड उतरून, गुडघे हातात घेऊन तो मोटारसायकलपाशी पोचला, तर मागच्या चाकाजवळ एक तांबडा कुत्रा उभा होता. त्याला आपण मोत्या म्हणू. गळ्यात पट्टा नाही, कानाला नसबंदीची खाच नाही, आणि उरलेला पुरावा मागून स्वच्छ दिसत होता. मोत्याने चाक हुंगलं, पुन्हा हुंगलं, अग्रलेख वाचावा तसं सावकाश हुंगलं. मग तंगडी वर करून मोजके चार थेंब सोडले आणि पुढच्या चाकाकडे वळला.

"पुण्याची गाडी दिसली की राहवत नाही बघा त्याला," टपरीवरचे म्हातारबाबा म्हणाले.

बाबांचं निदान अचूक होतं. ती गाडी कात्रजला पेट्रोलसाठी, खेड-शिवापूरला चहासाठी आणि नसरापूरला मिसळीसाठी थांबली होती. तिन्ही ठिकाणच्या कुत्र्यांनी चाकावर आपापला मजकूर घातलेला असणार. मुतातल्या वासावरून समोरचा नर की मादी, मादी माजावर आहे का, एवढं कुत्र्याला कळतं. म्हणजे लेखक ज्याला चाक समजत होता ती गुंजवण्याला येणारी डाक होती, आणि मोत्या पोच देत होता.

निव्वळ गरज भागवायची असती तर हे थेंबाथेंबाचं राजकारण लागलंच नसतं. तीन किलोंवरच्या बहुतेक सस्तन प्राण्यांना, मग तो कुत्रा असो वा हत्ती, मूत्राशय रिकामं करायला साधारण 21 सेकंद पुरतात. हे मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना 2015 साली इग्नोबेल मिळालं. कुत्र्याचं मात्र काटकसरीचं. अजून चाळीस खांब, बारा चाकं आणि ग्रामपंचायतीची पायरी बाकी असते. पहिल्याच खांबावर सगळी शाई संपवून कसं चालेल?

कोलोरॅडोतले संशोधक मार्क बेकॉफ यांनी तर पाच हिवाळे आपल्या जेथ्रो नावाच्या कुत्र्यामागे फिरून पिवळा झालेला बर्फ उचलून इकडचा तिकडे ठेवला. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो. जेथ्रो स्वतःची खूण थोडक्यात आटोपायचा आणि दुसऱ्यांच्या खुणा मन लावून हुंगायचा, हा निष्कर्ष 2001 साली छापून आला. स्वतःचा लेख सोडून इतरांचे लेख मन लावून वाचणारा असा वाचक मराठी मासिकांना मिळाला तर काय हवं!

कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींना 2018 साली आणखी एक गंमत दिसली. आकाराने लहान कुत्रे तंगडी जास्त कोनात वर नेतात. खूण जितकी उंच, तितका कुत्रा मोठा असावा, असा वाचणाऱ्याचा समज होत असावा. दीड फुटी कार्यकर्त्याचा वीस फुटी फ्लेक्स भोरच्या चौकात ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या संशोधनात नवं काही वाटणार नाही.

पावसाळ्यात वेल्ह्याकडे आकाश फाटतं आणि मोत्याचं सगळं दप्तर धुऊन निघतं. माणसाच्या फेरफारावर हरकत घ्यायला निदान पंधरा दिवस मिळतात. इथे नोंद सकाळची आणि सर दुपारची. पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यातच भादवा येतो, आणि मग तर मोत्याला जेवायलाही सवड नसते.

लेखकाने बाबांपाशी नसबंदीचा विषय काढला. 1997 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 57 कुत्र्यांच्या अभ्यासात, नसबंदीनंतर साठ टक्क्यांहून अधिक नरांची ही खुणा करण्याची सवय निम्म्याने तरी घटली होती. कुत्र्याचं वय किती, सवय किती जुनी, याने फरक पडला नव्हता. पण काहींची सवय सुटलीच नाही, कारण तिच्यात हार्मोनचा हात असतो, तसा सरावाचाही असावा.

बाबांनी गाळणं झटकलं. "बैल खच्ची करत्यात ते नांगराला. ह्याला कुठं नांगरायचंय?"

पुढे दिवाळीनंतर लेखक पुन्हा त्या बाजूला गेला, तेव्हा रस्त्यालगतच्या भातखाचरात मोजणी नुकतीच उरकली होती. दोन भाऊ दोन बाजूंना, मधोमध चुना फासलेला हद्दीचा दगड. दोघांचं बोलणं बंद असल्याचं उभं राहण्यावरूनच कळत होतं. तेवढ्यात मोत्या आला. दगडाला एक फेरी घातली, थोरल्याच्या बाजूने हुंगलं, धाकट्याच्या बाजूने हुंगलं आणि चुन्यावर निवांत तंगडी वर केली.

"तुझा काय रं ह्यो?" थोरल्याने विचारलं.

"माझा कशाला आसंल? तुझ्याच अंगानं आला की!"

मोत्या तोवर लेखकाच्या चाकापाशी पोचला होता.