गुणदाते

इटलीतल्या बारोलोच्या टेकड्यांवर वसंतात वेलींना कोंब फुटतात आणि त्यांच्या मागोमाग वाइनचे समीक्षक उगवतात. समीक्षक ओळखायचा तर त्याचे दात पाहावेत. सकाळी दहाला जांभळट, दुपारी एकपर्यंत काळे. मानेभोवती मफलर, समोर लॅपटॉप, कोपराशी पिकदाणी. पानतंबाखूच्या देशात वाढल्यामुळे थुंकणाऱ्याचं मला अप्रूप नाही. पण इतका महाग ऐवज इतक्या गंभीर चेहऱ्यानं थुंकून टाकणारा हाच.

सकाळभरात त्याच्यासमोर साठ-सत्तर पेले येतात. म्हणजे एकेकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं, त्यातच हुंगणं, खुळखुळवणं, थुंकणं आणि निकाल. इथलं द्राक्ष नेब्बिओलो. रंगानं फिकं, चवीला आंबट आणि तरुणपणी इतकं तुरट की हिरड्या आवळतात. जुनी पद्धत अशी, की रस महिना-दोन महिने सालींसकट मुरू द्यायचा आणि मग स्लाव्होनियन ओकच्या, हजारो लिटरच्या म्हाताऱ्या पिंपांत वर्षानुवर्षं ठेवायचा. कायदाही बारोलोच्या वाइनला किमान 38 महिने थांबायला लावतो, त्यातले 18 लाकडात. एवढं करून ही वाइन बोलायला लागणार ती दहा-वीस वर्षांनी, डांबर आणि गुलाबाचा वास एकदम घेऊन. आपला माणूस घड्याळाकडे बघतोय.

शेजारच्या पेल्यात नव्या घराण्याची वाइन आहे. फिरत्या टाकीत थोड्याच दिवसांत रंग काढून घेतलेला, आणि मुक्काम 225 लिटरच्या, आतून भाजलेल्या कोऱ्या फ्रेंच पिंपात. त्या पिंपाला बारिक म्हणतात. गडद रंग, व्हॅनिला, चॉकलेट, कॉफी. पहिल्याच घोटाला ही वाइन गळ्यात पडते. समीक्षकाची बोटं लॅपटॉपवर नाचू लागतात: ‘भरदार, मखमली, मोहक.’ 96. आधीच्या पेल्यापुढे तो लिहितो, ‘पारंपरिक.’ 87. स्थळ बघून आलेली आत्या ज्या सुरात ‘मुलगा स्वभावानं चांगला आहे हो’ म्हणते, तोच हा सूर.

ही गुणांची पद्धत रूढ केली रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वकिलानं. 1978 मध्ये त्यानं वार्तापत्र काढलं आणि वाइनला शंभरपैकी गुण देऊ लागला. त्यात पेल्यात येऊन बसल्याबद्दलच 50 मिळतात. आपल्या बोर्डालासुद्धा इतकं औदार्य अजून जमलेलं नाही. पण 90 च्या वर गेलेली बाटली अमेरिकेत हातोहात खपायची आणि 87 वाली फळीवर धूळ खायची, तेव्हा हसायचं तरी किती?

नव्यांना मी खलनायक ठरवणार नाही. त्या टेकड्यांवर गरिबी होती. द्राक्षं पडेल भावानं व्यापाऱ्याला जायची आणि पोरं आल्बात चॉकलेटच्या नाहीतर तोरिनोत मोटारींच्या कारखान्यात. कित्येक तळघरांतली पिंपं खरोखरच कुबट होती. एलिओ आल्तारे नावाचा तरुण फ्रान्समधलं बर्गंडी बघून आला आणि 1983 मध्ये त्यानं बापाची पिंपं यांत्रिक करवतीनं कापून काढली. बापानं त्याला वारशातून कापलं. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो. हा म्हातारा हातानं लेबलं रंगवायचा आणि त्यातल्या एकावर, इटलीचा पुढारी बर्लुस्कोनीलाही बारिकच्या पंगतीला बसवून, त्यानं लिहिलं, ‘नो बारिक, नो बर्लुस्कोनी’. दोघांनीही आपापल्या मतासाठी काहीतरी पणाला लावलं. आमच्या गुणदात्यानं काय लावलं? थुंकी.

लोक म्हणतात, याचा कल आधुनिकतेकडे. मला हा आरोप फार मोठा वाटतो. आधुनिकता म्हणजे काही विचार तरी आला. याचा कल लवकर बोलणाऱ्याकडे. साठ पेल्यांच्या गर्दीत जो ओरडेल तो पहिला, आणि तरुण नेब्बिओलोला ओरडता येत नाही. गंमत म्हणजे, जिची आपली ओळख अडीच मिनिटांची, त्या वाइनबद्दल हा बेधडक लिहितो: ‘2031 ते 2048 दरम्यान प्यावी.’ पत्रिका बघणारे ज्योतिषीबुवासुद्धा निदान जन्मवेळ विचारतात.

पुढे वारं फिरलं. गिऱ्हाइकाला व्हॅनिला पुरे झाला, मास्कारेल्लोच्या बाटल्या श्रीमंतांनाही सहज मिळेनात, आणि नव्यांपैकी बरेच जण गुपचूप मोठ्या पिंपांकडे वळले. समीक्षकही वळला. आता तो ‘संयत’, ‘निर्मळ’, ‘मातीशी इमान राखणारी’ असं लिहितो आणि बारिकला नाक मुरडतो. जुने 87 कुठं गेले म्हणून विचारलं, तर खाली वाकून पिकदाणी सरकवतो.

आणि रात्री? रात्री गावातल्या खानावळीत वाइनमध्ये शिजलेलं गोमांस समोर आलं, की हा मालकाला हळूच खूण करून तळघरातली जुनी, मोठ्या पिंपातली बाटली मागवतो. लॅपटॉप बंद. दोन तास हा एकाच बाटलीशी बसतो आणि एक थेंबही थुंकत नाही.

माझा निकाल असा: रंग गडद, सुरुवात जोरदार, शेवट आखूड, मुरण्याची शक्यता कमी. 61 गुण. त्यातले 50 हजेरीचे, आणि 11 रात्रीच्या त्या बाटलीसाठी.