पौषातला मोगरा

मेलबर्न, भाद्रपद

ती. आई-बाबांस,


आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त पंचांग उलटं लागलंय. तुमच्या सिडकोतल्या अंगणात चैत्रात कडुलिंबाचा मोहोर दरवळतो, तेव्हा इथे पानगळ चालू असते. बाबा माघात मोगऱ्याची पानं ओरबाडून त्याला पाण्यावाचून ठेवतात आणि वैशाखात तो बदला घेतल्यासारखा फुलतो. आमचा कुंडीतला मोगरा आषाढभर काचेआड कुडकुडतो आणि फुलतो ऐन पौषात! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हिने हौसेने गजरा माळला. बाहेर चाळीस अंश, अंगावर काळी साडी, हातात तीळगूळ. काळा रंग ऊब देतो म्हणतात, त्याने आपलं काम चोख केलं.

परवा गणपती बसले. पारिजातकाला इथली थंडी सोसत नाही, म्हणून वॅटल वाहिला. हा आपल्या बाभळीचा भाऊबंद, पण इथे त्याला राष्ट्रीय फुलाचा मान आहे आणि 1 सप्टेंबरला त्याचा दिवसही साजरा करतात. आपल्याकडे बाभळीच्या वाट्याला फक्त शिव्या येतात. वॅटलचे पिवळे धम्मक, हात लावला की पिठूळ होणारे गोंडे. वास गोडसर, पण बंद खोलीत डोकं धरतं. 21 पत्री काही जमेनात, तेव्हा आमच्या चिऊने निलगिरीची डहाळी ठेवली. बाप्पाचं नाक तरी मोकळं झालं असेल. आमचं आता नाताळपर्यंत बंद, कारण गवताचे पराग उडू लागतील. इथला वसंत गोळ्या घेऊनच साजरा करावा लागतो.

बाबा, मृगाच्या पहिल्या सरीचा वास फक्त आपल्याकडेच येतो, हा हेका आता सोडा. 1964 साली इथल्याच इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी कोरड्या दगडमातीतून वाफेवर तेल काढून, पहिल्या पावसाचा वास त्या तेलातून येतो हे दाखवलं. कनौजचे अत्तरवाले हाच वास आधीपासून चंदनाच्या तेलात उतरवतात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. शोध इथे लागला खरा, पण वास तितका येत नाही. इथे पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो, त्यामुळे माती नीट सुकतच नाही. त्या वासासाठी ती महिनोन्महिने तहानलेली लागते, आणि त्यात आपल्या मराठवाड्याचा हात कोण धरणार? तिकडे नळसुद्धा तिला साथ देतात.

डिसेंबरात नक्की या, मोगरा कळ्यांवर असेल. येताना गुलमंडीच्या बाजूला मिळालं तर मातीच्या अत्तराची एक कुपी आणा. रातराणीची काडी, तुळशीचं बी, कढीपत्ता मात्र अजिबात नको. आई, लोणच्याच्या बरणीतही लपवू नकोस. विमानतळावर हुंगायला कुत्री असतात आणि दंड डॉलरमध्ये भरावा लागतो.

तुमचा,
बाळू